ठाकुर्लीहून समुद्राची खबर

"अगं, ती समुद्राचं बघते. अंदमानच्या... नाही गं, जातेय कुठे! इथूनच. आतल्या खोलीतून."

आई बाहेर फोनवर मावशीला सांगत होती. दार अर्धं लोटलेलं होतं आणि मी इअरफोन एकाच कानात घातलेला, म्हणून ऐकू आलं. इअरफोनच्या कानात खरंच समुद्र चालू होता. बोटीच्या फळ्यांवर ओले पाय पडल्याचे आवाज, सिलिंडरमधून हवा सुटल्याचा लांब फुत्कार, आणि नुकत्याच पाण्यातून वर आलेल्या एका माणसाचा किंचित धापा टाकणारा आवाज.

मावशी पलीकडून काहीतरी बोलली असणार. आई हसली. "हो ना! आणि हल्ली रोज उठून कॅलेंडरात तिथी बघते. अष्टमी कधी, अमावास्या कधी. मी यांना म्हटलं, उशिरा का होईना, इंग्लिश शाळेतली पोरगी देवाधर्माला लागली."

मी बाहेर जाऊन सांगू शकले असते की तिथी मी भरतीसाठी बघते. नाही सांगितलं. गैरसमज दुरुस्त करायला तोंड उघडावं लागतं, आणि ते मला लहानपणापासून जड जातं. लोकांनी माझ्याबद्दल जे काही धरून चाललेलं असतं, ते मी तसंच राहू देते. नोकरीसुद्धा मला अशीच मिळाली होती.

आमचं घर ठाकुर्लीत, तिसऱ्या मजल्यावर. माझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे ग्रिल आणि त्यात वाळत घातलेल्या चादरी दिसतात. तिथे बसून मी दोन हंगाम, रोज, अंदमानातल्या एका बेटाजवळचा समुद्र आज कसा आहे ते लिहीत होते. बेटावर एक लहानसं डायव्हिंग सेंटर होतं. लोकांच्या पाठीवर सिलिंडर बांधून त्यांना पाण्याखाली न्यायचं, प्रवाळ आणि मासे दाखवायचे, हे त्यांचं काम. त्यांच्या पेजवर रोज दुपारी समुद्राची खबर जायची. पाणी किती नितळ, किती गरम, प्रवाह कुठून कुठे, आज खाली काय दिसलं. ती मी लिहायचे, इंग्रजीत. इंग्रजी मला सफाईनं येतं. आत्ता हे मराठीत लिहितेय ते त्यामुळेच. मराठीत मला इतक्या सफाईनं लपता येत नाही.

सेंटरच्या मॅडमनी नोकरीसाठी फोन केला तेव्हा विचारलं होतं, "तू स्वतः डायव्हिंग करतेसच ना?" मी उत्तर जुळवेपर्यंत त्यांच्याकडचं नेटवर्क गेलं. परत फोन लागला तेव्हा त्या कामाच्या वेळांवर आल्या होत्या. नंतर एक फॉर्म आला, त्यात डायव्हिंगचं सर्टिफिकेट कोणतं असा रकाना होता. तो मी रिकामा सोडला. पुन्हा कुणी विचारलं नाही.

खरं एवढंच होतं की मी समुद्रात गुडघ्यापेक्षा खोल कधी गेले नव्हते आणि मला पोहता येत नव्हतं.

मला खबर द्यायचे ते तिथले सगळ्यांत जुने इन्स्ट्रक्टर. मालवणजवळच्या एका गावातले, पन्नाशीच्या आसपासचे. ऑक्टोबरात अंदमानला जायचे आणि मे संपता संपता घरी परतायचे. मी त्यांना दादा म्हणायचे, म्हणजे तसं टाइप करायचे. सकाळचे दोन डाइव्ह झाले की ते बोटीवरूनच आवाज रेकॉर्ड करून पाठवायचे. माझ्याशी पुस्तकी मराठी बोलायचं ठरवून सुरुवात करायचे आणि दुसऱ्या वाक्याला मालवणीत घसरायचे.

"हां बाय, नमस्कार. आज पाण्याची स्थिती उत्तम आहे. वीस-बावीस मीटर सहज दिसता. करंट थोडो आसा, पण घाबरण्यासारखो नाय. कासव बघलंय एक, जुन्या मास्तरासारखा. माका बघल्यान आणि तोंड फिरवल्यान."

मी उत्तर लिहायचे, "थँक यू दादा." एवढंच. एकदा त्यांचा वेगळा निरोप आला, जेमतेम पाच सेकंदांचा. "काय गो, तुमच्या घरात बोलूक बंदी आसा काय? नुसता टाइप करतंस." त्यावर मी हसणारा चेहरा पाठवला.

तिथीचं गणित त्यांनीच शिकवलं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी जोरात आत-बाहेर करतं, तळाची रेती उठते आणि समोरचा माणूससुद्धा धुरकट दिसतो. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटी अगदी सुस्त. तेव्हा पाणी निवळतं. आमचं गाव साताऱ्याकडचं, आमच्या घराण्यात समुद्राशी कुणाचा संबंध आला नाही. आईच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर इतकी वर्षं उपासतापास आणि गॅस कधी लावला एवढंच सांगायचं. आता मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यापुढे उभी राहायचे आणि दोन हजार किलोमीटरहून जास्त लांबचं पाणी कधी निवळणार ते बघायचे.

दादांचा आणखी एक नियम होता. "काय बदल नसलो तर मी उगाच काय बडबडू? बारापर्यंत माझो निरोप नाय इलो तर समज, कालच्यासारख्याच आसा."

हा नियम मला पहिल्या दिवसापासून समजला, शिकावा लागला नाही. आमच्या घरातही माझ्याबाबतीत तोच होता. मी काही बोलले नाही म्हणजे सगळं कालच्यासारखंच.

तो खडक मला हळूहळू पाठ झाला. एका वहीच्या मागच्या पानावर मी त्याचा नकाशा काढला होता. बोटीच्या दोरावरून खाली उतरलं की आधी पांढरी रेती. रेतीत उभे राहणारे बारीक ईल, म्हणजे सापासारखे लांबट मासे, गवताच्या काड्यांसारखे डुलणारे. जवळ गेलं की सगळे एकदम बिळात. मग डाव्या हाताला प्रवाळाची भिंत. सात मीटरवर समुद्रफुलात राहणारं क्लाउनफिशचं जोडपं, त्यातल्या मादीच्या शेपटीला खाच. बारा मीटरवर कपारीतून डोकं काढून बसलेला एक मोठा ईल, सतत तोंड उघडमीट करणारा. "दमेकऱ्यासारखो," दादा म्हणायचे. चौदा मीटरवर दवाखाना. तिथे मोठे मासे रांगेनं येऊन आ वासून थांबतात आणि बोटाएवढे निळे मासे त्यांच्या तोंडात शिरून दात साफ करतात. कुणी कुणाला खात नाही. "आज दवाखान्यात गर्दी," असं दादा म्हणाले की मी इंग्रजीत त्यावर चांगली चार वाक्यं करायचे. त्याच्याही खाली, अठराच्या सुमाराला, पाणी एकदम गार होतं, कुणीतरी फ्रीजचं दार उघडावं तसं.

पोपटमासे प्रवाळ चावतात त्याचा आवाज पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतो, हे मला माहीत होतं. खोल गेलं की सगळ्यांत आधी लाल रंग नाहीसा होतो, हेही. दादांचं बोट एकदा शिंपल्यानं कापलं आणि रक्त हिरवं दिसलं. त्या दिवशी मी बँकेत पासबुक भरायच्या रांगेत उभी होते आणि पुढच्या बाईंच्या कपाळावरचं लाल कुंकू बघत होते. वीस मीटर खाली ते कसं दिसेल, याचा विचार करत बसले आणि माझा नंबर गेला.

व्हिडिओ मी ढिगानं बघितले होते. त्यांनी काही होत नव्हतं, कारण मला नुसतं बघायचं नव्हतं. तिथे असायचं होतं. दादा एकदा सहज म्हणाले होते, "खाली कोण कोणाशी बोलणा नाय बाय. हातान सांगूचा, डोळ्यान बघूचा. वर इल्यार मग काय ती बडबड." तो निरोप मी कितीदा ऐकला असेन. शाळेत, कॉलेजात, लग्नाकार्यात, सगळीकडे "ही बोलत का नाही?" हे ऐकून ऐकून मोठी झालेय मी. आणि अशी एक जागा होती जिथे कुणीच बोलत नाही आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. तिचा नकाशा माझ्या वहीत होता. त्यात मी नव्हते.

एकदा दातांच्या डॉक्टरकडे माजिवड्याला गेलेले. परत येताना हायवेजवळ एक ॲक्वेरियमचं दुकान दिसलं. काचेच्या एका टाकीत क्लाउनफिश होते. दोन वर्षं ज्यांच्याबद्दल लिहिलं, ते जिवंत पहिल्यांदा बघत होते. मागे गुलाबी प्लास्टिकचं झाड, वर ट्यूबलाइट. ते कंबर हलवत, अडखळल्यासारखे पोहतात हे मी अनेकदा लिहिलं होतं, आणि ते अगदी तसेच पोहत होते. मला रडू येईल असं वाटलं. दुकानदार काका केव्हाचे बघत असावेत.

"जोडी घ्या मॅडम. एकटा टिकत नाही तो."

"नाही, मी नुसती बघतेय."

"नुसतंच बघतात सगळे," काका म्हणाले आणि पंप पुसायला लागले.

घरी आल्यावर मी बाथरूममध्ये बादली काठोकाठ भरली, गुडघ्यांवर बसले आणि डोळे उघडे ठेवून त्यात तोंड बुडवलं. अकरापर्यंत मोजता आलं. निळी बादली होती, तिचा तळ दिसला, तळाला साबणाचा एक तुकडा. दुसऱ्यांदा चौदा झाले. मग दारावर थापा.

"अगं, झोपलीस की काय आत? पाणी जाईल आता, बाबांची आंघोळ राहिलीय!"

आमच्या घरात पोहणं हा विषय निघत नसे, त्याला कारण खडवली. मी सात वर्षांची असताना उन्हाळ्यात काका-काकूंबरोबर आम्ही सगळे नदीवर गेलेलो. पाणी माझ्या मांडीइतकंच होतं. शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला आणि मी खाली गेले. बाबांनी वेणी धरून वर खेचलं. सगळं मिळून काही क्षणांचं असेल. पण आई नदीकाठी बसून ज्या आवाजात ओरडली, तो आवाज घरात राहिला. त्यानंतर शाळेचं स्विमिंग बंद, वॉटर पार्कची सहल बंद, चौपाटीवर गेलो तर बाबा माझं मनगट धरून उभे. हे सगळं माझ्या भीतीसाठी चाललंय असं दोघं समजत होते. मला आठवतं ते वेगळंच. खाली गेल्यावर आवाज एकदम थांबले होते. हिरवट उजेड होता, त्यात माझे स्वतःचे हात होते, आणि हातांना वजन नव्हतं. नाकात पाणी गेलं, ठसका लागला, ते वर आल्यावर. खाली मला भीती वाटली नव्हती. हे मी कधीच कुणाला सांगितलं नाही. आईच्या त्या ओरडण्यापुढे ते सांगणं कृतघ्नपणाचं वाटलं असतं.

पहिल्या हंगामाच्या शेवटी, मेमध्ये, पाणी बत्तीस अंशांवर गेलं. दादांचे निरोप लहान होत गेले. "वरचो भाग पांढरो पडलो बाय." प्रवाळाला उष्णता सोसली नाही की ते रंग टाकतं आणि पांढरंफटक होतं. लगेच मरत नाही. पाणी वेळेवर गार झालं तर सावरतं, नाहीतर नाही. समुद्रफूलसुद्धा पांढरं पडलं होतं आणि त्यात ते दोन नारिंगी मासे. "दुधात केशर घातल्यासारखा दिसता. पण चांगला नाय ता." मॅडमनी सांगितलं, हे जरा सौम्य करून लिही. मी सौम्य करून लिहिलं. त्या रात्रीच नव्हे, पुढचे कितीतरी दिवस मला एकच वाटत राहिलं, की मी जाईपर्यंत ते थांबणार नाही. पावसाळ्यात सेंटर बंद असताना मला कशाचीच खबर नव्हती. ऑक्टोबरात पहिला निरोप आला, "अर्धा तरी वाचला गो," आणि मी टेबलावर डोकं टेकवून बसले.

दुसऱ्या हंगामात, फेब्रुवारीत, ती सप्तमी आली.

आदल्या दिवशीचं पाणी हंगामातलं सगळ्यांत नितळ होतं. "तीस मीटर! आरशासारखा!" दादा जवळजवळ ओरडलेच होते. सप्तमीला बारा वाजले, निरोप नाही. साडेबारा वाजले. मी स्वयंपाकघरात जाऊन कॅलेंडर बघून आले. उद्या अष्टमी. नियमाप्रमाणे लिहिलं: पाणी कालच्यासारखंच, उद्या आणखी चांगलं असावं.

थोड्या वेळानं पेजवर एका बाईंचा प्रश्न आला. त्या पोर्ट ब्लेअरला होत्या. वय एकसष्ट, पुढच्या महिन्यात गुडघ्यांचं ऑपरेशन, त्याआधी आयुष्यात एकदा प्रवाळ बघायचं होतं. हातात उद्याचा एकच दिवस. सकाळच्या बोटीनं बेटावर यावं का?

मी लिहिलं, "नक्की या. उद्यासारखा दिवस हंगामात दोन-तीनदाच येतो."

हे वाक्य मला कुणी सांगितलेलं नव्हतं. दादांच्या कुठल्याच निरोपात ते नव्हतं. मी त्या बाईंच्या जागी असते तर जे ऐकायला तडफडले असते, ते मी लिहून टाकलं.

प्रत्यक्षात सप्तमीच्या सकाळी खोल समुद्रातून गार, हिरवं पाणी वर आलं होतं. चार मीटरपलीकडे काही दिसत नव्हतं, आणि त्यात नखाएवढे जेलीफिश, ओठांना आणि मानेला चावणारे. दादा बोटीत चढताना फोनसकट घसरले. फोन पाण्यात गेला. त्यांच्याकडून जो निरोप आला नाही तो असा होता. मॅडम दोन दिवस कामासाठी बेटाबाहेर. माझी खबर कुणी तपासली नाही.

त्या बाई आल्या. दादांनी त्यांना नको म्हणून पाहिलं, पण इतक्या लांबून आल्या म्हणून शेवटी उथळ भागात हात धरून नेलं. हिरव्या पाण्यात त्यांना दादांचा हात दिसला आणि अधूनमधून एखादी सावली. गालावर जेलीफिश चावले. दुपारच्या बोटीनं त्या परत गेल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज आला. तक्रार नव्हती. इन्स्ट्रक्टर फार चांगले होते, असं लिहिलं होतं. शेवटची ओळ इंग्रजीत होती, तिचा अर्थ असा: तुम्ही ते रोज पाहता, त्यामुळे ज्याला ते एकदाच पाहता येणार आहे त्याला काय वाटतं हे कदाचित तुमच्या लक्षात येत नसेल.

मी लॅपटॉप बंद केला. परत उघडला. चार वेळा उत्तर लिहिलं आणि पुसलं. प्रत्येक वेळी पहिलं वाक्य खरं लिहायला जायचे आणि दुसऱ्या वाक्यात मला ते सुंदर करता यायचं. शेवटी फक्त माफी मागितली.

मॅडम रागावल्या नाहीत, हे जास्त वाईट झालं. त्यांनी संध्याकाळी लिहिलं की चूक तुझी नाही, पद्धतीची आहे. इतक्या लांबून अंदाजानं लिहिणं आता बंद. ऑक्टोबरपासून तू बेटावरच ये. राहायची सोय आहे. रोज सकाळी दादांबरोबर पहिला डाइव्ह तू करायचास आणि वर येऊन स्वतः पाहिलेलं लिहायचंस. रविवारपर्यंत काही अडचण असेल तर सांग, नाहीतर मी हो धरते.

मी तो मेसेज पाठ होईपर्यंत वाचला. जे मला हवं होतं ते सगळं त्यात होतं. मी तोंड उघडलं नाही तर ते मला मिळणार होतं. आणि मग ऑक्टोबरात एका सकाळी दादा माझ्या पाठीवर सिलिंडर बांधतील, मला यातलं सगळं येतं असं समजून मला बोटीच्या कडेवरून स्वतःला मागे झोकून द्यायला सांगतील. मी तेव्हाही गप्प राहिले तर काय होईल, हे मला नीट कळत होतं. खोटं बोलून वर येता येत नाही.

दुसरा मार्ग सोपा होता. "घरी अडचण आहे, येता येणार नाही." हे वाक्य मी शुक्रवारी टाइप करून ठेवलं. ते पाठवलं असतं तर नोकरी कदाचित दुसऱ्या कुणाला गेली असती, जिला पोहता येतं तिला. आई-बाबांना काही सांगावं लागलं नसतं. चादरी समोर वाळत राहिल्या असत्या.

शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला आम्ही तिघं बाहेरच्या खोलीत होतो. आई मेथी निवडत होती. बाबा एमआयडीसीतल्या कंपनीतून नुकते आले होते, चहाबरोबर टोस्ट बुडवत होते. माझा फोन टेबलावर वाजत होता, अनोळखी नंबर.

"घे की गं, केव्हाचा बोंबलतोय," आई म्हणाली.

मी घेतला.

"हां बाय! नवीन फोन माझो. जुन्याक जलसमाधी." दादांचा आवाज स्पीकरची गरज नसलेला. वारा आणि इंजिनावर बोलायची सवय. बाबांनी टोस्ट बुडवायचं थांबवून बघितलं. "मॅडम म्हणतत, तू येतलंस. बरा झाला. आता रोज स्वतः बघ आणि लिही, माझ्या कानाक आराम. ऐक, पुढच्या हंगामाचो सामान मागवचो आसा. जॅकेट कुठल्या मापाचा? आणि किती डाइव्ह झाले तुझे आतापर्यंत? त्याप्रमाणे पहिल्या दिवशी किती खोल नेऊचा ता ठरवतंय. पन्नास तरी झाले असतीत ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"झाले असतीत," ते स्वतःच म्हणाले. "इतक्या बारीक लिवतंस. मगे सरळ अठरार जाऊया, दवाखान्याच्या खाली. चालात?"

आईच्या हातातली मेथीची काडी मोडायची राहिली होती. "अठरा काय?" तिनं बाबांना हळूच विचारलं. बाबांनी मान हलवली, माहीत नाही. ते माझ्याकडे बघत होते, चौपाटीवर मनगट धरताना बघायचे तसे.

"बाय? आसस ना?"

दादांनी माझा आवाज आजवर कधी ऐकला नव्हता. मी खुर्चीवरून उठले, आत जाण्यासाठी, दार लावून घेण्यासाठी. दोन पावलं गेले आणि थांबले. आत जाऊन सांगितलं असतं तर ते फक्त दादांना कळलं असतं, आणि इकडे बाहेर सगळं तसंच राहिलं असतं. मी वळले. आई-बाबांच्या समोर, मेथीच्या पसाऱ्याशेजारी उभी राहिले.

"एकही नाही, दादा," मी म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "मी समुद्राखाली कधी गेलेच नाहीये. मला पोहतासुद्धा येत नाही. मी आजवर सगळं तुमचं ऐकून लिहिलं, आणि त्या बाईंना या म्हणाले तेव्हा तुम्ही काहीच सांगितलेलं नव्हतं, ते मी माझ्या मनानं लिहिलं. मॅडमनाही मी आजच सांगणार आहे. पण मला यायचंय. मी इथे पोहायला शिकते, मग तुम्ही मला पहिल्यापासून शिकवा."